दोघांचेही 40 गुण : आयएसएल 2020-21ची शील्ड नेमकी कुठे ठरली

पार्श्वभूमी

इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगचा 2020-21चा हंगाम कोविडमुळे सगळाच्या सगळा गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान या तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना, खेळाडूंना बायो-बबलमध्ये ठेवून. 20 नोव्हेंबर 2020 ला सुरुवात, 13 मार्च 2021 ला अंतिम सामना. ईस्ट बंगाल आल्यामुळे संघ 11 झाले होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे साखळीत प्रत्येकी 20 सामने. घरचं मैदान फक्त कागदावर होतं.

साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला लीग विनर्स शील्ड आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत थेट प्रवेश मिळणार होता. चषक वेगळा, तो पहिल्या चौघांतल्या बाद फेरीतून. हे दोन बक्षिसांचं गणित नीट लक्षात ठेवायला हवं, कारण बऱ्याच जणांना त्या हंगामातला फक्त अंतिम सामना आठवतो. आशियात खेळण्याचा रस्ता मात्र शील्डमधून जात होता.

शील्डचे दावेदार दोन. मुंबई सिटीची मालकी नोव्हेंबर 2019 पासून सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेली होती आणि प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा आले होते. लोबेरांना आदल्या हंगामात एफसी गोवाने साखळी संपायच्या आतच काढलं होतं. त्या हंगामाची शील्ड गोव्याने त्यांच्याशिवाय जिंकली. मुंबईत येताना त्यांच्या गोव्याच्या संघातला कणाच सोबत आला: मधल्या फळीत अहमद जाहू आणि ह्यूगो बुमू, बचावात मुर्तदा फॉल आणि डावीकडे गोंयकार मंदार राव देसाई. समोर अंतोनियो लोपेझ हबास यांचा एटीके मोहन बागान. कमी गोल खायचे, एखादा मारायचा आणि सामना बंद करून टाकायचा, ही त्यांची जुनी रीत.

अडचण

पहिल्या 13 सामन्यांनंतर मुंबईचे 30 गुण होते, मोहन बागानचे 24. मुंबई सलामीलाच नॉर्थईस्ट युनायटेडकडून 0-1 हरली होती, पण त्यानंतर सलग 12 सामने अपराजित. 11 जानेवारीला मोहन बागानलाही त्यांनी 1-0 हरवलं होतं, गोल स्ट्रायकर ओगबेचेचा. सहा गुणांची आघाडी आणि सात सामने बाकी. इथून शील्ड हातची जाते हे कोणी गृहीत धरलं नसतं.

मग दोन्ही संघांचे पुढचे पाच सामने असे झाले.

मुंबई: नॉर्थईस्ट 1-2 (30 जानेवारी), केरला ब्लास्टर्स 2-1, गोवा 3-3, बंगळुरू 2-4, जमशेदपूर 0-2 (20 फेब्रुवारी). पाच सामन्यांत 4 गुण.

मोहन बागान: केरला 3-2, ओडिशा 4-1, बंगळुरू 2-0, जमशेदपूर 1-0, ईस्ट बंगाल 3-1 (19 फेब्रुवारी). पाच सामन्यांत 15.

18 सामन्यांनंतर तक्ता 34 विरुद्ध 39 असा उलटा झाला. सहाची आघाडी गेली, वर पाचाची पिछाडी आली. तीन आठवड्यांत 11 गुणांचा फरक.

निदान: बुमू नाही, बचाव

या घसरणीचं तेव्हा सरसकट दिलं जाणारं कारण म्हणजे बुमू. 8 फेब्रुवारीच्या गोव्याविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊन चार सामन्यांची बंदी आली. साखळीचे नेमके तेवढेच सामने उरले होते. शेवटचा पास देणारा माणूस गेला, म्हणून संघ अडखळला, असं ते सरळ उत्तर. आकडे मात्र दुसरीकडे बोट दाखवतात.

पहिल्या 13 सामन्यांत मुंबईने 19 गोल मारले आणि 5 खाल्ले. पुढच्या पाचांत 8 मारले आणि 12 खाल्ले. म्हणजे गोल मारण्याची सरासरी घटलीच नाही, उलट किंचित वाढली (1.46 वरून 1.6). गळती मागे होती. तीही बंदीच्या आधीपासून: त्या 12 पैकी 6 गोल बुमू उपलब्ध असतानाच्या तीन सामन्यांत पडले. जमशेदपूरविरुद्ध गोल झाला नाही, तिथे त्याची उणीव नक्की भासली. पण संपूर्ण घसरण त्याच्या नावावर टाकणं हिशेबात बसत नाही.

गोल कधी पडत होते हेही बघा. नॉर्थईस्टच्या डेशॉर्न ब्राउनने पहिल्या नऊ मिनिटांत दोन मारले. बंगळुरूच्या क्लेटन सिल्वाने पहिल्याच मिनिटाला. लोबेरांच्या पद्धतीत गोलरक्षकापासून छोट्या पासांनी चेंडू बाहेर काढायचा असतो आणि बचावफळी मध्यरेषेकडे सरकलेली असते. प्रतिस्पर्धी स्थिरावलेला असेल तर यातून वर्चस्व मिळतं. तो पहिल्या शिट्टीपासून अंगावर धावून आला तर मात्र एका चुकलेल्या पासमागे मोकळं मैदान असतं. हंगामाच्या दुसऱ्या टप्प्यात सगळ्यांनी एकमेकांना एकदा खेळून पाहिलेलं असतं, त्यामुळे ही फट कुठे आहे ते एव्हाना गुपित राहिलं नव्हतं. त्यात 30 जानेवारी ते 28 फेब्रुवारी या 30 दिवसांत मुंबईचे सात सामने. सरावात काही नव्याने बसवायला वेळच नव्हता.

इकडे मोहन बागानचं उलट झालं होतं. पहिल्या 13 सामन्यांत त्यांचे गोल अवघे 13, खाल्लेले 7. हबासांचा ठरलेला हिशेब. हिवाळी खरेदी-विक्रीत ओडिशाकडून मार्सेलिन्यो आला आणि गोव्याशी झालेल्या अदलाबदलीत ग्लॅन मार्टिन्सच्या जागी लेनी रॉड्रिग्ज. पुढच्या पाच सामन्यांतच त्यांनी आणखी 13 गोल मारले. (तोच मार्टिन्स गोव्याकडून 8 फेब्रुवारीला मुंबईवर गोल करून गेला; मुंबईच्या वाट्याला त्या अदलाबदलीचा तोटा दोन्ही बाजूंनी आला.)

22 फेब्रुवारी: पहिला निर्णायक क्षण, ज्यात मुंबई खेळतच नव्हती

त्या दिवशी मोहन बागानसमोर हैदराबाद होता. जिंकले असते तर 19 सामन्यांत 42 गुण. मुंबईचे 18 सामन्यांत 34. उरलेले दोन्ही जिंकूनही 40. शील्डचा निकाल तिथेच लागला असता आणि 28 तारखेची लढत उपचार उरली असती.

सामना सुरू होऊन पाच मिनिटं होतात न होतात तोच हैदराबादच्या चिंगलेनसाना सिंगला लाल कार्ड. 85 मिनिटं दहा जणांविरुद्ध खेळायची, याहून चांगली संधी मागून मिळत नाही. पण 8व्या मिनिटाला गोल झाला तो हैदराबादचा, अरिदाने सांतानाचा. 57व्या मिनिटाला मनवीर सिंगने बरोबरी साधली, 75व्याला रोलँड अल्बर्गने हैदराबादला पुन्हा पुढे नेलं आणि इंज्युरी टाइममध्ये प्रीतम कोटलने 2-2 केलं. मोहन बागानला हार टळल्याचं समाधान मिळालं असेल. हिशेबात मात्र दोन गुण गेले होते, आणि पुढे सगळं त्या दोन गुणांवरच फिरलं.

हा संघ मुळात पुढे असताना सामना सांभाळण्यासाठी बांधलेला होता. दहा जणांचा प्रतिस्पर्धी मागे बसला की पाच-सहा जणांची भिंत फोडायला कडेने रुंदी लागते आणि पटापट बाजू बदलावी लागते. प्रतिहल्ल्यावर जगणाऱ्या संघाला चेंडू स्वतःकडेच ठेवून खेळावं लागलं की तो अवघडतो. लाल कार्डाने मोहन बागानला त्यांना न जमणारा सामना खेळायला लावला, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

मुंबईसमोरचे पर्याय

22 तारखेच्या रात्री चित्र असं: मोहन बागान 19 सामन्यांत 40, मुंबई 18 सामन्यांत 34. 24 ला तळाचा ओडिशा, 28 ला खुद्द मोहन बागान. दोन्ही जिंकणं भाग होतं. बरोबरीचा उपयोग शून्य.

पहिला पर्याय होता पद्धत बदलण्याचा: बचावफळी मागे ओढायची, लांब चेंडू टाकायचे, गळती आधी थांबवायची. पण चार दिवसांत दोन सामने जिंकायचे असताना हंगामभर घोटवलेली पद्धत टाकून देणं म्हणजे बचावही कच्चा आणि आक्रमणही.

दुसरा, माणसं बदलण्याचा. इथे परदेशी खेळाडूंचा नियम कामी आला. नोंदणी सात जणांची, मैदानावर एका वेळी पाच. मुंबईचे सात म्हणजे फॉल, हर्नान सांताना, जाहू, बुमू, ओगबेचे, अ‍ॅडम ल फाँद्र आणि साय गॉडार्ड. एरवी फॉल, हर्नान, जाहू, बुमू या चौघांनंतर एकच जागा उरायची आणि तीसाठी ओगबेचे की ल फाँद्र हा प्रश्न असायचा. बुमू नसल्याने एक जागा मोकळी झाली. ती दुसऱ्या स्ट्रायकरला द्यायची, गॉडार्डला द्यायची, की पुढे भारतीय खेळाडू वाढवून बदलीसाठी हात मोकळा ठेवायचा, असे तीन रस्ते होते. त्या हंगामात पाच बदली खेळाडूंना परवानगी होती, म्हणजे सुरुवातीची निवड पूर्वीइतकी जीवघेणी नव्हती.

तिसरा पर्याय स्थिर चेंडूंचा. फ्री किक आणि कॉर्नरला बुमू लागत नाही. जाहूचा पाय आणि फॉलचं डोकं ही जोडी गोव्यापासून तयार होती. उंच्यापुऱ्या फॉलला हवेत अडवणं लीगमध्ये कोणालाही सोपं गेलं नव्हतं. शिवाय स्थिर चेंडूवर हल्ला करताना तुमचा संघ आधीच रचलेला असतो, चालू खेळात चेंडू हरवल्यावर होते तशी पांगापांग कमी होते. ज्या संघाची अडचण मागे आहे त्याच्यासाठी हा सगळ्यांत स्वस्त मार्ग.

काय केलं

24 फेब्रुवारीला पुन्हा तीच सुरुवात: 9व्या मिनिटाला पेनल्टीवर ओडिशा 1-0 पुढे. पण 14व्या मिनिटाला ओगबेचेने बरोबरी केली आणि 38 ते 47 या नऊ मिनिटांच्या खेळात चार गोल झाले. अखेर 6-1. बिपिन सिंगची हॅटट्रिक, ओगबेचेचे दोन, एक गॉडार्डचा. कडेने आत शिरून गोल करणारा बिपिन आणि बुमूच्या जागेतला गॉडार्ड, दोघांनी मिळून रिकाम्या जागेचा प्रश्न बऱ्यापैकी मिटवला.

या 6-1चा एक दुर्लक्षित परिणाम गोलफरकावर झाला. शेवटच्या सामन्याआधी मुंबईचे गोल 33-18, मोहन बागानचे 28-13. दोघांचाही फरक अधिक 15. समान गुणांवर आपसातल्या लढती बघायच्या होत्या आणि तिथे जानेवारीचा 1-0 मुंबईच्या बाजूने होताच. म्हणजे आपसात मोजा की गोलफरक मोजा, मुंबईला एका गोलाचा विजयही पुरणार होता. ओडिशाविरुद्ध 1-0 वर समाधान मानलं असतं तर मामला एकट्या आपसातल्या लढतींवर टांगला असता. मोठ्या फरकाची हाव सोडून साधा एक गोल पुरे, ही स्पष्टता शेवटच्या सामन्यात उतरताना हाताशी असणं ही छोटी गोष्ट नाही.

28 फेब्रुवारी, बांबोळी. मोहन बागान सहा दिवसांच्या विश्रांतीनंतर, मुंबई चार. मोहन बागानला बरोबरी पुरे.

7व्या मिनिटाला जाहूने चेंडू गोलसमोर टाकला आणि फॉलने हेडरवर गोल केला. बरोबरीसाठी आखलेला सामना सातव्या मिनिटालाच मोडला. 39व्या मिनिटाला हर्नानची फ्री किक आडव्या खांबावर आपटली आणि परतलेला चेंडू ओगबेचेने डोक्याने आत ढकलला. 2-0. दोन्ही गोलांचा उगम स्थिर चेंडू, दोन्ही डोक्याने. पूर्वार्धात दोन गोलांनी मागे पडलेल्या मोहन बागानला उरलेला वेळ चेंडू घेऊन भिंत फोडायचीच होती, म्हणजे हैदराबादविरुद्ध जे जमलं नव्हतं तेच पुन्हा. गोल झाला नाही. जमशेदपूरपर्यंत बारा गोल खाल्लेल्या बचावाने त्या रात्री एकही सोडला नाही.

निकाल

दोघेही 12 विजय, 4 बरोबरी, 4 पराभव, 40 गुण. शील्ड मुंबईची.

बाद फेरीत मुंबई गोव्याशी 2-2 आणि 0-0 अशी बरोबरीत राहून पेनल्टींवर 6-5 ने पार झाली. पेनल्टींच्या तोंडावर दोन्ही प्रशिक्षकांनी गोलरक्षक बदलले. मुंबईने कर्णधार अमरिंदर सिंगला बाहेर बोलावून फुरबा लाचेन्पाला उभं केलं. निर्णायक पेनल्टी मारली ती मुंबईच्या गोंयकार रॉलिन बोर्जेसने. फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात पुन्हा मोहन बागान. डेव्हिड विल्यम्सच्या 18व्या मिनिटाच्या गोलाने ते पुढे गेले, 29व्याला मोहन बागानच्याच तिरीचा स्वयंगोल, आणि 90व्या मिनिटाला बिपिनने 2-1 केलं. मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे डोक्याला मार लागून रुग्णवाहिकेतून न्यावा लागला, तेव्हा काही काळ सामन्याचं कोणालाच सुचत नव्हतं.

शील्डचं फळ वर्षभराने दिसलं. रियाधमध्ये 11 एप्रिल 2022 ला इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवून मुंबई सिटी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. तोवर लोबेरा गेले होते आणि डेस बकिंगहॅम आले होते. बुमू आणि अमरिंदर तर 2021च्या उन्हाळ्यातच मोहन बागानमध्ये दाखल झाले.

वेगळं काय करता आलं असतं

मुंबईच्या बाजूने पहिली नोंद 8 फेब्रुवारीची. गोव्याविरुद्ध 2-0 ची आघाडी 2-2 वर आली, 90व्या मिनिटाला बोर्जेसने 3-2 केलं आणि इंज्युरी टाइममध्ये गोव्याच्या ईशान पंडिताने बरोबरी साधली. हातातले दोन गुण गेले, वर बुमूची बंदी. पाच बदल्यांची सोय असताना 90व्या मिनिटानंतरची आघाडी राखायला ताजा बचावपटू आणि मैदानाच्या कोपऱ्यात घालवलेला वेळ पुरतो. हे दोन गुण टिकले असते तरी 28 तारखेला मुंबईला बरोबरी चालली नसती, पण गोलफरकाचा आणि आपसातला हिशेब धरून मोहन बागानवरचा दबाव एक आठवडा आधीच वाढला असता. आणि 20 तारखेला, सहा दिवसांत दोन पराभव पदरात घेऊन, पाच गुणांनी मागे राहण्याची वेळ आली ती थोडी सौम्य झाली असती.

दुसरी नोंद सुरुवातीच्या दहा मिनिटांची. नॉर्थईस्टच्या सामन्यानंतरच, म्हणजे 30 जानेवारीपासून, पहिली दहा मिनिटं गोलरक्षकाने चेंडू लांब मारायचा एवढी साधी सूट पद्धतीत देता आली असती. पद्धत मोडत नाही, फक्त उशिरा सुरू होते. बंगळुरू आणि ओडिशाविरुद्धही सुरुवातीलाच गोल पडले, म्हणजे चार आठवड्यांत ती फट बुजली नव्हती. (त्या नॉर्थईस्टची सूत्रं जानेवारीच्या मध्यापासून खालिद जमील यांच्याकडे होती, मुंबई एफसीला (मुंबई सिटी नव्हे, वेगळा क्लब) वर्षानुवर्षं घडवलेला माणूस. त्यांनी चार दिवसांच्या अंतराने मोहन बागान आणि मुंबई दोघांनाही 2-1 ने हरवलं होतं. दोन्ही दावेदारांचं दुखणं कुठे आहे हे त्यांना आधी कळलं.)

मोहन बागानसाठी प्रश्न 22 तारखेचाच. दहा जणांविरुद्ध एक बचावपटू मध्यंतराआधी काढून कडेला माणूस वाढवणं हा धोका होता, पण त्यांना तिथे विजयच हवा होता. हरले असते तरी 39 वर राहून शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरेशी ठरलीच असती. ओडिशाविरुद्ध मुंबई जिंकल्यावर 37, आणि बरोबरीने 38. म्हणजे पराभवाची किंमत जवळजवळ काहीच नव्हती आणि विजयाची किंमत पूर्ण शील्ड होती. असं एकतर्फी गणित हंगामात एखाद्या वेळीच येतं.

28 तारखेबद्दल हबासांना दोष देणं त्या मानाने सोपं आणि थोडं अन्यायाचं. बरोबरीसाठी खेळणं चुकीचं नव्हतं. चूक होती ती गोलसमोरच्या क्षेत्राभोवती फ्री किक देण्यात आणि जाहू-फॉल जोडी गोव्यापासून माहीत असूनही तिच्यासाठी वेगळी तजवीज न दिसण्यात. फॉलला एकाने चिकटून अडवायचं आणि दुसऱ्याने त्याच्या धावेच्या वाटेत उभं राहायचं, एवढं तरी हवं होतं.

पुढच्याच हंगामात मोहन बागान पुन्हा साखळीच्या शेवटच्या सामन्यावर शील्डसाठी उभा राहिला, 7 मार्च 2022 ला फातोर्ड्यात, या वेळी जमशेदपूरसमोर. आता विजय त्यांना हवा होता, तोही दोन गोलांनी. बरोबरी जमशेदपूरला चालत होती. जमशेदपूर 1-0 ने जिंकला, गोल ऋत्विक दासचा.